रोज उघडणारे झाकण

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यात शिक्षणाचे महत्त्व, वेळेचे महत्त्व किंवा आई-वडिलांचे ऋण यांपैकी एखाद्या विषयावर बोलण्याचा प्रघात आहे. मी आज झाकणावर बोलणार आहे. पुढच्या रांगेतील काही विद्यार्थी आताच हसले. हसू द्या. भाषण संपेपर्यंत त्यांच्यापैकी निम्म्यांनी तरी घरच्या कुकरची रिंग हातात घेऊन पाहायचे ठरवले, तर माझे काम झाले असे मी समजेन.

मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे, इंजिनिअर नव्हे. परंतु दहावीनंतर आपली मुले कोठे जातात याचा एक हिशेब मी वहीत ठेवीत असतो. काही महाविद्यालयात जातात, काही आय.टी.आय.ला जातात. पुष्कळसे नाना पेठेत टायरच्या आणि गाड्यांच्या सामानाच्या कामाला लागतात, काही हडपसर-भोसरीकडे हेल्पर म्हणून जातात, आणि अलीकडे मुलीही रुग्णालयांत तंत्रज्ञ म्हणून जाऊ लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. यांतील अनेकांच्या हाताखाली पहिल्या महिन्यातच असे एखादे भांडे येते, ज्यात वाफ किंवा हवा दाबून भरलेली असते आणि ज्याचे झाकण दिवसातून अनेकदा उघडावे-लावावे लागते. या भांड्याविषयी त्यांना कोणी काही सांगत नाही. "हे चाक फिरव, दार उघड" एवढेच शिक्षण मिळते. म्हणून हा विषय घेतला.

आरंभ घरापासून करू. आपल्या लग्नकार्यात बिर्याणीची डेग चढते. बावर्ची झाकणाच्या कडेने मळलेल्या कणकेची वात फिरवतो, वर निखारे ठेवतो आणि दम देतो. आत वाफ कोंडली म्हणजे मोठा दाब तयार झाला असेल, असे आपल्याला वाटते. हिशेब करून पाहू. डेगेचे तोंड ६० सेंटिमीटर व्यासाचे धरा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,८०० चौरस सेंटिमीटर भरते. झाकण आणि निखारे मिळून १५ किलो वजन धरा. वाफेने दर चौरस सेंटिमीटरला अवघे ५-६ ग्रॅम रेटले की झाकण उचलू लागेल. घरच्या कुकरमधला दाब याच्या जवळजवळ दोनशे पट असतो. तात्पर्य, डेगेत दाब असा नसतोच. कणीक फटी बुजवते, वास आणि वाफ आत ठेवते, आणि फाजील वाफ झाली तर स्वतः फुटून वाट करून देते. कणकेचे हे काम उत्तमच आहे, पण ते एकवेळचे आहे. दम उघडताना ती सुरीने फोडावी लागते, आणि फोडलेली कणीक कोणी पुन्हा लावीत नाही.

ज्या भांड्यात खरोखर दाब आहे आणि जे रोज उघडायचे आहे, तेथे कणकेसारख्या उपायाने भागत नाही. दोन परस्परविरोधी मागण्या तेथे एकत्र येतात. झाकण इतके घट्ट हवे की वाफेचा एक धागाही बाहेर पडू नये, आणि इतके सोपे हवे की एका माणसाने मिनिटभरात उघडावे. पहिली मागणी पुरी केली की दुसरी बिघडते, दुसरी पुरी केली की पहिली. माणसाने या पेचातून वाट कशी काढली, हीच आजची गोष्ट आहे.

डेनिस पॅपिन नावाच्या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनमध्ये वाफेवर शिजवण्याचे घट्ट झाकणाचे लोखंडी भांडे तयार केले. १६८२ मध्ये त्या भांड्यात शिजवलेले जेवण रॉयल सोसायटीच्या सभासदांनी खाल्ले, आणि हाडेसुद्धा मऊ झालेली पाहून त्यांना मोठे नवल वाटले. आपला कुकर हा त्याच भांड्याचा वंशज होय. सेफ्टी व्हॉल्व्हही पॅपिनचाच. पण त्याचे झाकण स्क्रूने आवळून धरावे लागे. शास्त्रज्ञाला ते चालते, घरातल्या माणसाला चालत नाही. रोज दोन वेळा पाना घेऊन चुलीपुढे कोण बसणार?

झाकणावर किती जोर येतो ते विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे. कुकरच्या तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर घ्या. क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. शिट्टी होण्याच्या वेळी आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोने जास्त असतो. म्हणजे झाकणावर आतून ३१४ किलोंचा रेटा आला. चार धट्टेकट्टे गडी त्या झाकणाखाली उभे राहून ते डोक्याने वर ढकलीत आहेत, अशी कल्पना करा. आणि आपल्या घरातली आपा एका हाताने ते झाकण लावते आणि दुसऱ्या हाताने धाकट्याला घास भरवते! हे शक्य होते कसे?

कारखान्यातील जुना मार्ग बोल्टचा. झाकण आणि भांडे यांच्या कडांमध्ये गॅस्केट ठेवायचे आणि सभोवती वीस-चोवीस बोल्ट आवळायचे. जे झाकण वर्षातून एकदा उघडायचे, त्याला हा मार्ग आजही सर्वांत चांगला आहे. रोज उघडायच्या झाकणाला मात्र तो अगदी वाईट. गॅस्केट एकदा चेपले की पुन्हा तसे बसत नाही. आटे झिजतात. बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळले नाहीत तर एक बाजू चेपते आणि दुसरी उघडी राहते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माणूस थकतो. पहिल्या पाळीतले चोवीस बोल्ट नीट आवळले जातात. तिसऱ्या पाळीत अठरा आवळले आणि सहा नुसते फिरवून ठेवले, असे व्हायला वेळ लागत नाही. लहान दवाखान्यांत निर्जंतुकीकरणाचे जे ॲल्युमिनियमचे उभे भांडे असते, त्याला फुलपाखरासारखे पाच-सहा नट असतात. तेथेही समोरासमोरची जोडी आवळीत जावे लागते. नर्सबाई ते करतात, कारण त्यांना शिकवलेले असते.

यातून निघालेली युक्ती मला फार आवडते. झाकण घट्ट ठेवण्याचे काम माणसाच्या मनगटाकडून काढून घ्या आणि आतल्या दाबाकडेच सोपवा! जो शत्रू झाकण उडवायला निघाला आहे, त्यालाच पहारेकरी नेमा.

याचे सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे आतून बसणारे झाकण. बॉयलरमध्ये माणूस उतरण्यासाठी जे भोक असते त्याला लंबगोल आकार देतात. झाकणही लंबगोल आणि भोकापेक्षा थोडे मोठे असते. ते तिरपे करून आत घालायचे, आत वळवायचे आणि बाहेरच्या बाजूला ओढून बसवायचे. गोल झाकण गोल भोकातून असे आत जाणार नाही, लंबगोल जाते. वाफ चढली की ती झाकणाला कडेवर अधिकाधिक दाबते. दाब दुप्पट झाला तर घट्टपणाही वाढतो. १९५९ साली मुंबईत सुरू झालेल्या हॉकिन्स कंपनीच्या कुकरचे झाकण याच जातीचे. तोंड थोडे लंबगोल, झाकण आत जाऊन बसते. आत दाब असताना ते उघडावे म्हटले तरी उघडत नाही, कारण उघडण्यासाठी आधी ते खाली, म्हणजे वाफेच्या विरुद्ध, ढकलावे लागते. तीनशे किलोंच्या विरुद्ध कोण ढकलणार?

बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये हीच युक्ती रबराच्या रिंगेत दडवलेली असते. ती रिंग घरी गेल्यावर नीट पाहा. ती नुसती गोल दोरी नसते. तिला दुमड असते, ओठ असतो. वाफ त्या दुमडीत शिरते आणि ओठ भांड्याच्या कडेवर दाबून धरते. गॅसवर ठेवल्या ठेवल्या कडेने थोडी वाफ येते आणि मग एकाएकी बंद होते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. त्या क्षणी दाबाने ओठाचा ताबा घेतलेला असतो. झाकण धरून ठेवण्याचे काम भांड्याच्या कानांचे, आणि फट बुजवण्याचे काम रिंगेचे. ही कामाची वाटणी ध्यानात ठेवा, कारण मोठ्या यंत्रांत हीच वाटणी पुढे येणार आहे.

ज्यांना विज्ञानाची गोडी आहे त्यांच्यासाठी दोन नावे सांगतो. नील्स क्रिस्टेन्सन हा डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेला यंत्रज्ञ. खाचेत बसवलेल्या साध्या गोल रबरी कड्यासाठी, म्हणजे आजच्या ओ-रिंगसाठी, त्याने १९३७ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९३९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. खाच कड्यापेक्षा थोडी रुंद असते. दाब आला की कडे खाचेच्या एका कोपऱ्यात ढकलले जाते आणि तेथली फट गच्च बुजवते. दाब गेला की पुन्हा पूर्वीसारखे होते. हजारो वेळा उघडा, हजारो वेळा लावा. दुसरे नाव पर्सी ब्रिजमन, हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक. प्रचंड दाबांवरील कामासाठी त्यांना १९४६ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. त्यांच्या बुचाची रचना अशी होती की मऊ वळ्यावर येणारा दाब भांड्यातल्या दाबाहून नेहमीच थोडा जास्त असे. बुचाच्या पूर्ण तोंडावर आलेला रेटा मधल्या दांड्याची जागा वगळून उरलेल्या लहान वळ्यावर पडतो, म्हणून हे घडते. मग गळती व्हायची कशी? भांडे फुटेल, पण वळे गळणार नाही, अशी ती रचना.

पण ब्रिजमनच्या बुचात एक अडचण आहे. वळे इतके दाबले जाते की मऊ धातू फटीत शिरतो आणि बूच अडकून बसते. प्रयोगशाळेत एखादा प्रयोग दिवसभर चालतो, तेथे संध्याकाळी थोडे ठोकून बूच काढले तर बिघडत नाही. दर दहा मिनिटांनी उघडायचे असेल तर ते चालणार नाही. म्हणजे सर्वांत घट्ट ते सर्वांत चांगले, असे या शास्त्रात नाही. किती वेळा उघडणार, हे आधी विचारावे लागते.

आता पुण्याकडे येऊ. मुंढव्याला बी. जी. शिर्के यांच्या सिपोरेक्स कंपनीचा कारखाना १९७० च्या दशकात स्वीडनच्या तंत्राने उभा राहिला. पाण्यावर तरंगतील इतक्या हलक्या बांधकामाच्या विटा करण्याचे ते तंत्र. सिमेंट, चुना, वाळू आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड यांचे मिश्रण केकसारखे फुगवतात, कापतात आणि मोठ्या आडव्या नळकांड्यात घालून कित्येक तास वाफेत शिजवतात. या नळकांड्यास ऑटोक्लेव्ह म्हणतात. असल्या कारखान्यांत वाफेचा दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला १२ किलोंपर्यंत नेतात, उष्णता १९० अंशांच्या आसपास जाते, आणि दर घाण्याला दार उघडावे लागते. दाराचा व्यास अडीच मीटर धरला तर त्यावर ५८९ टन रेटा येतो. पूर्ण भरलेल्या वीसहून अधिक मालट्रकांचे वजन त्या एका दारावर!

हे दार बोल्टने आवळीत नाहीत. दाराच्या कडेला दाते असतात, भांड्याच्या कड्यालाही तसेच दाते असतात. दार बसवून कडे थोडेसे फिरवले की एकाचे दाते दुसऱ्याच्या दातांमागे जातात. विजेचा जुना पितळी बल्ब होल्डरमध्ये आपण जसा दाबून वळवतो, तसेच हे. रेटा दाते घेतात. फट बुजवायला खाचेत रबराचे वळे असते आणि त्याच्या पाठीमागे वाफ सोडतात, ती वळ्याला दारावर दाबते. कामाची वाटणी तीच, कुकरची.

नाना पेठेत ज्यांचे आप्त टायरच्या धंद्यात आहेत त्यांनी रिमोल्डचे चेंबर पाहिले असेल. जुन्या टायरवर नवा पट्टा चढवून ते टायर रांगेने टांगतात, दार लावतात आणि शंभर-एकशेदहा अंशांवर काही तास ठेवतात. त्यात दाबाची हवा असते, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ किलो. दार दीड मीटरचे धरा, म्हणजे रेटा १०६ टन.

आता जे सांगतो ते पालकांनी विशेष लक्ष देऊन ऐकावे. माझा एक माजी विद्यार्थी अशाच एका ठिकाणी कामाला होता. जागेचे व मालकाचे नाव घेण्याचे कारण नाही. घाणा उतरला, हवा सोडली, काटा शून्यावर आला. कडे फिरेना, म्हणून त्याने हातोड्याने दोन ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला कडे फिरले आणि दार त्याच्या अंगावर आले. मनगट दोन ठिकाणी मोडले. तो उभा होता बाजूला. समोर असता तर आज मी त्याच्याविषयी असे बोलू शकलो नसतो. मी भेटायला गेलो तेव्हा तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "सर, काटा शून्यावर होता."

काटा शून्यावर होता हे खरेच असेल. पण काट्याचे शून्य म्हणजे दाबाचे शून्य नव्हे. १० किलोंच्या मापाच्या घड्याळात काटा सुमारे २७० अंश फिरतो. ०.१ किलो दाब उरला तर काटा शून्यापासून तीन अंशही दूर नसतो. धुळीने माखलेल्या काचेतून ते कोणाला दिसणार? आणि त्या न दिसणाऱ्या ०.१ किलोने दीड मीटरच्या दारावर येणारा रेटा १,७६७ किलो असतो. दीड-पावणेदोन टन! मोटारगाडीचे वजन.

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. आत पूर्ण दाब असतो तेव्हा दाते एकमेकांवर इतके जोरात बसलेले असतात की माणसाच्या हाताने कडे फिरतच नाही. पूर्ण दाबाला दार स्वतःचे रक्षण करते. दाब अगदी थोडा उरतो तेव्हा कडे घट्ट लागते खरे, पण हातोड्याने हलते. म्हणजे अपघात होतो तो भरल्या दाबाने नव्हे, उरल्या दाबाने. कडे फिरत नाही, याचा अर्थ ते गंजले आहे असा आपण घेतो. आत अजून काही आहे, असे ते सांगत असते. म्हणून अशा दारापुढे हातोडा ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चांगल्या दारांत यावर उपाय केलेला असतो. एक लहान नळ असतो आणि त्याची मूठ कड्याच्या खिट्टीशी जोडलेली असते. नळ उघडल्याखेरीज खिट्टी सरकत नाही, खिट्टी सरकल्याखेरीज कडे फिरत नाही. नळ उघडला की उरलीसुरली वाफ सूं करून बाहेर येते, कानाला ऐकू येते. सूं थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मोठ्या रुग्णालयांतील ऑटोक्लेव्हच्या दारावर मधोमध चाक असते आणि ते फिरवले की आरे आत-बाहेर सरकतात. तेथेही आत वाफ असेपर्यंत चाक अडवून ठेवणारी कळ बसवलेली असते. या व्यवस्थेला इंटरलॉक म्हणतात. आपल्या देशात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दाबाच्या यंत्रांसाठी ३१ वे कलम स्वतंत्र ठेवले होते. हा विषय कायद्यालाही नवा नाही. पण घाईच्या वेळी खिट्टीचा नट काढून ठेवणे, नळाचे तोंड कचऱ्याने बुजले तरी तसेच चालवणे, ही आपली रीत. उत्पादन वाढते म्हणून मालक काही म्हणत नाही, आणि नोकरी जाईल म्हणून मुलगा काही विचारत नाही.

घरी तरी आपण काय करतो? शिट्टी उतरली न उतरली तोच मूठ ठोकून कुकर उघडतो. आतले पाणी १२० अंशांचे असते. पुण्यात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. दाब एकाएकी गेला की त्या जादा उष्णतेची वाफ व्हायलाच हवी. दोन लिटर पाणी असेल तर त्यातले अवघे ८० ग्रॅमच्या आसपास वाफ होते. ८० ग्रॅम ऐकायला थोडे वाटते. त्याची वाफ एकशेचाळीस लिटरच्या आसपास भरते, आणि ती एका क्षणात, डाळ बरोबर घेऊन, तोंडावर येते.

रिंगेविषयी भगिनींना थोडे सांगतो. रिंग हे रबर आहे आणि रबराची सगळी किंमत त्याच्या परत फिरण्यात आहे. दाबले की दबले पाहिजे, सोडले की उठले पाहिजे. रोजच्या उष्णतेने ते हळूहळू कडक होते. कडक रिंग आकाराने नव्यासारखीच दिसते, पण तिचा ओठ उठत नाही. मग वाफ कडेने जाते, शिट्टी होत नाही, आणि आपण आच वाढवतो. काही घरांत रिंग फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा वापरतात. त्याने चार दिवस ढकलता येतात, गेलेला लवचीकपणा मात्र परत येत नाही. रिंग धुऊन, पुसून, सैल ठेवावी. झाकणात ताणून ठेवू नये. कडेला डाळीचा एक वाळलेला कण राहिला तरी ओठ तेथे टेकत नाही. भांडे दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नये, आणि डाळ-तांदूळ फुगतात म्हणून तेथे निम्मेच भरावे, नाहीतर फेस शिट्टीच्या नळीत जाऊन ती बुजवतो. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा नवा घालावा. कुकरवर आय.एस. २३४७ चे चिन्ह असणे १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले आहे. ते पाहून घ्यावे. रस्त्यावरची स्वस्त रिंग घेऊन वाचवलेले पैसे गॅसमध्ये जातात, हा हिशेब घरातल्या हिशेबनीस मुलांनी मांडून दाखवावा.

रबराचा हा स्वभाव केवळ स्वयंपाकघराचा प्रश्न नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्यू पावले. उजव्या बाजूच्या रॉकेटच्या एका सांध्यातील ओ-रिंगने फट बुजवली नव्हती. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. चौकशी समितीतील शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सर्वांसमोर त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढला आणि चिमटा सोडला. तुकडा लगेच पूर्ववत झाला नाही. एवढ्या साध्या प्रयोगाने त्यांनी दोष दाखवला. त्याहून वाईट गोष्ट ही की उड्डाणापूर्वीच्या रात्री इंजिनिअरांनी थंडीबद्दल इशारा दिला होता आणि तो मानला गेला नाही.

आता थोडी मौज. फळांचा रस किंवा जॅम न उकळता टिकवण्याची एक रीत आहे. जपानमध्ये असा जॅम १९९० साली बाजारात आला. बंद बाटल्या पाण्याने भरलेल्या जाड नळकांड्यात घालतात आणि पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६,००० किलोंपर्यंत नेतात. या दाबाला पाणीसुद्धा सुमारे १५ टक्के आक्रसते! जंतू मरतात, चव राहते. नळकांड्याचे तोंड ३० सेंटिमीटरचे धरले तर बुचावर ४,२०० टनांहून जास्त रेटा येतो, आणि हे बूच दर काही मिनिटांनी काढायचे असते. अशा बुचाला आटे दिले तर ते झिजून जातील. म्हणून बूच नुसते भोकात सोडतात, सहज सरकेल असे. त्यावर ओ-रिंग, आणि रबर फटीत पिळून जाऊ नये म्हणून तिच्या पाठीशी धातूचे पातळ कडे. मग पोलादाची एक अवाढव्य चौकट रुळावरून सरकत येते आणि नळकांड्याला दोन्ही टोकांनी कवेत घेते. सगळा रेटा चौकट घेते. बूच फक्त फट बुजवते. उघडायचे तेव्हा दाब सोडायचा, चौकट बाजूला सरकवायची, बूच उचलायचे. न ठोकणे, न आवळणे. आपाच्या कुकरमध्ये भांड्याचे कान आणि रबराची रिंग यांनी जी कामे वाटून घेतली होती, तीच येथे चार हजार टनांना पुरली आहेत.

विद्यार्थ्यांनो, फिटर, बॉयलर अटेंडंट, रुग्णालयातील निर्जंतुकीकरण विभागाचा तंत्रज्ञ, ही सर्व कामे या झाकणांभोवतीची आहेत आणि शिकलेल्या माणसाला त्यांत मान आहे. कामाच्या पहिल्या दिवशी उस्तादांना अदबीने तीन गोष्टी विचारा: उस्ताद, हे दार धरून ठेवते काय? उरलेली वाफ कळते कशी? आणि हे वळे शेवटचे कधी बदलले? चांगला उस्ताद या प्रश्नांनी खूश होतो. जो चिडेल त्याच्या दारासमोर उभे राहू नका, बाजूला राहा. आणि पालकांनो, मुलगा घरी येऊन सांगू लागला की तेथे खिट्टी काढून ठेवलेली आहे, तर "तू नवा आहेस, गप्प राहा" असे त्याला म्हणू नका. मालकाकडे त्याच्याबरोबर जा. आपल्या वस्तीतली वडील माणसे दोघे-तिघे मिळून गेली तर कोणता मालक ऐकून घेणार नाही?

बाहेर व्हरांड्यातल्या टेबलावर मी काही वस्तू मांडल्या आहेत. एक नवी रिंग, एक तीन वर्षे वापरलेली रिंग, दोन्ही मधून कापलेल्या, म्हणजे ओठ दिसेल. एक ओ-रिंग, बर्फाच्या पाण्याचा पेला आणि एक चिमटा. जुना पितळी बल्ब-होल्डरही आहे, दाते कसे अडकतात ते त्यात दिसते. आठवीच्या दोन मुली तेथे उभ्या राहून माहिती देतील; हिशेबाच्या पाट्या त्यांनीच लिहिल्या आहेत. चहाला जाण्यापूर्वी कृपया एकदा तेथे थांबावे, आणि मुलींना प्रश्न विचारावेत. त्यांची तयारी माझ्यापेक्षा चांगली आहे.